एकदा दाब आणि थांब

भालूदादा गेल्याची बातमी आली तेव्हा तलासरीतल्या माझ्या दुकानात प्रिंटर रुसून बसला होता. समोर तहसीलच्या कामाला आलेल्या माणसांची रांग, प्रत्येकाला शेवटची बस पकडायची घाई, आणि मी वैतागून प्रिंटचं बटण दुसऱ्यांदा दाबायला बोट पुढे केलेलं. तेवढ्यात फोन वाजला. मालतीवहिनींचा. "ज्योती, हे गेले गं," त्या म्हणाल्या. आवाज स्थिर होता. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे सांगितलं, "शांतपणे गेले. सगळं बोलून झालं होतं त्यांचं..." मी फोन खाली ठेवला तर प्रिंटरने आपणहून कागद बाहेर काढलेला. दादा तिथे असता तर नक्की म्हणाला असता, बघ, त्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, तुलाच दम नव्हता.

याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं वहिनींसमोर बसून हळहळतात, फार भोगलं हो भालचंद्ररावांनी, म्हणतात. भोगलं ते खरंच. पण ज्याला अखेरपर्यंत बोलायचं होतं आणि जो अखेरपर्यंत बोलला, त्याच्याबद्दल हळहळत बसणं मला काही जमत नाही. मला तो जिंकलेलाच आठवतो.

भालचंद्र हा माझा मावसभाऊ. आशागडला त्याची चिकूची वाडी, वडिलांपासून चालत आलेली. वाडी तो नीट सांभाळायचा, पण जीव अडकलेला कॉम्प्युटरमध्ये. आमच्या भागात कॉम्प्युटर हा शब्द नुकता ऐकू यायला लागला होता तेव्हापासून. चिकूच्या पेट्या घेऊन मुंबईच्या बाजारात जायचा आणि येताना त्याच रिकाम्या पेट्यांत पेंढ्यात गुंडाळून मदरबोर्ड, पंखे, केबलींची भेंडोळी घेऊन यायचा. मावशी म्हणायची, याला फळ विकायला पाठवावं तर हा लोखंड घेऊन येतो. दुकान त्याने कधी काढलं नाही, दुरुस्तीचा धंदाही केला नाही. त्याला फक्त मत द्यायला आवडायचं. डहाणूपासून बोर्डीपर्यंत आणि इकडे तलासरीपर्यंत कुणाला माऊस जरी घ्यायचा झाला तरी आधी दादाला विचारायचं, अशी पद्धतच पडून गेली होती. सल्ला फुकट मिळायचा, पण मानला नाहीत तर वर्षभर बोलणी खावी लागायची.

आणि मतं काय एकेक! वायरलेस माऊस त्याला खपायचा नाही. शेपूट नसलेला उंदीर हरवणारच, म्हणायचा. ज्या कॉम्प्युटरच्या डब्यात रंगीत दिवे लुकलुकतात तो त्याच्या लेखी लग्नाचा मांडव. वऱ्हाड जेवून गेल्यावर उपयोग काय? कीबोर्ड डोळ्यांनी घ्यायचा नाही, बोटांनी घ्यायचा. यूपीएस आधी घ्यायचा, कॉम्प्युटर मागून. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे समुद्राचा खारा वारा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना तो बजावायचा, की मशीन पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवलंत तर पितळी भांड्यासारखं हिरवं पडेल. झाकायला प्लॅस्टिक नको, आत दमट राहतं. जुनं सुती लुगडं टाका. वहिनींची कितीतरी चांगली लुगडी अशी कॉम्प्युटर नेसून बसली होती. दसऱ्याला कीबोर्डवर हळदकुंकू वाहणाऱ्यांशी तर त्याचं उभं वैर. ऐन दिवाळीच्या तोंडावर बटणं अडकलेले, लालपिवळे झालेले कीबोर्ड घेऊन माणसं त्याच्या ओटीवर यायची. शेवटी त्याने तोडगा काढला. एक मेलेला माऊस देव्हाऱ्यापाशी ठेवून दिला आणि जाहीर केलं की ज्याला आपल्या मशीनची पूजा करायची आहे त्याने हे गणपतीचं वाहन पुजावं, सगळ्यांना पोचतं. माणसं खरोखर येऊ लागली. त्या माऊसचा मूळ रंग कोणता होता हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

पण त्याचे दोन नियम सगळ्यांवर होते. पहिला वाडीतून आलेला. चिकू झाडावरून उतरवला की दगड असतो, चीक सुकेपर्यंत आणि अढीत पिकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बाजारात एखादी नवी वस्तू आली, कुणी मोठ्या कौतुकाने जाहिरात दाखवली, की दादा शांतपणे म्हणायचा, "अजून अढीत आहे ती." म्हणजे आधी इतरांना घेऊ दे, त्यांचे हात पोळू दे, मग आपण बघू. दुसरा नियम बटणांचा. मशीन अडलं की माणसं तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात, याचा त्याला मनापासून राग. एकदा सांगितलंय ना त्याला? मग ते कामाला लागलंय. तू पुन्हा सांगितलंस की ते पहिलं सोडून दुसरं धरणार, आणि मग दोन्ही नाही. "एकदा दाब आणि थांब," हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या दुकानाला नाव देताना हेच देऊ का, असं त्याला एकदा चिडवलंही होतं.

दुकान काढलं तेव्हा कीबोर्ड घ्यायला तो मला वापीला घेऊन गेला. दुकानदाराने खोकी उघडून ठेवली आणि दादाने मला डोळे मिटून प्रत्येकावर टाइप करायला लावलं. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार गुजराती, तोही हसायला लागला. "बेन, आँख खोलो, बिजली का बिल नहीं आएगा," म्हणाला. दादा ढळला नाही. "बोटं दिवसभर यावर राहणार हिची, डोळे नाही," एवढंच त्याला सांगितलं. शेवटी सगळ्यात जाडाभरडा, दिसायला अगदी गावंढळ कीबोर्ड आम्ही आणला. त्यावरची अक्षरं कधीच पुसून गेली, पण बटणं अजून पहिल्यासारखी उठतात. हा लेखही त्याच्यावरच लिहिते आहे.

आजाराची सुरुवात स्क्रू-ड्रायव्हरने झाली. तो हातातून निसटायला लागला. पहिल्यांदा दादाने हँडललाच दोष दिला, घामाने सटकतं म्हणाला, आणि रबराच्या मुठीचा नवा आणला. मग तोही निसटला. मग चहाचा कप. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की स्नायूंची ताकद हळूहळू जात राहील; आधी हात, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र शाबूत राहील, अगदी लख्ख. परतीच्या गाडीत वहिनी रडत होत्या आणि दादा खिडकीबाहेर बघत गप्प बसलेला. हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. आशागडला घरात पाऊल टाकल्यावर तो पहिल्यांदा बोलला, "म्हणजे मशीन चांगलं आहे. पोर्ट गेलेत."

मी दुसऱ्याच दिवशी गेले होते. तोच आधी बोलायला लागला. म्हणाला, "ज्योते, हात जाऊ देत, पाय जाऊ देत. बोलणं जाता कामा नये. मी गप्प बसलो तर ही माणसं काय वाट्टेल ते विकत घेतील." मी हसले, आणि हसता हसता बघितलं तर त्याचे डोळे भरले होते. चेष्टेतच म्हणाला, पण त्या माणसाला खरोखर एवढंच हवं होतं. कुणीतरी आपल्या वतीने बोलावं, आपल्याला काय हवं ते इतरांनी ओळखावं, आणि आपण मान डोलवत पडून राहावं, याची त्याला भयंकर धास्ती होती.

मग त्याने स्वतःलाच गिऱ्हाईक केलं. आयुष्यभर दुसऱ्यांना सल्ले दिले, आता स्वतःला द्यायला बसला. उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने फिरवायचा मोठा गोळा असलेला माऊस आणवला. तोही जड व्हायला लागला, तेव्हा आम्हाला वाटलं आता संपलं. पण उजव्या पायाच्या अंगठ्यात अजून जोर होता. दादाने महिनाभर निरनिराळी बटणं मागवली आणि सगळी नापास केली. एक फार घट्ट, दुसरं फार नाजूक, तिसऱ्याचा आवाजच येत नाही मग दाबलं गेलं हे कळणार कसं. एका दुपारी दारावरची बेल वाजली. पोस्टमन आला होता. वहिनी दार उघडून परत आल्या तर दादा विलक्षण आनंदात. तेव्हा त्याची जीभ जड झाली होती, तरी शब्द समजत होते. "मालती," तो म्हणाला, "दाराची बेल काढ."

पुढची हकीकत वहिनींच्या तोंडून ऐकावी. ज्या बाईने लग्नापासून या माणसाच्या वायरींना कचरा म्हटलं, एकदा तर पूर्ण पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली होती, तिच्या हातात त्याने वायरी डाखायची, सोल्डरिंगची कावी दिली. माऊस उघडायचा, डाव्या बटणाखालची दोन टोकं शोधायची, त्यांना वायरी जोडायच्या आणि त्या वायरींच्या दुसऱ्या टोकाला दाराचं बटण. दादा खुर्चीतून सांगत होता, वहिनी पापडाचं पीठ मळावं तशा ओठ आवळून करत होत्या. बोट भाजलं. एक माऊस जळून गेला. वहिनी म्हणाल्या, मला नाही जमत. दादा म्हणाला, तुझ्या मोदकाच्या कळ्या बघितल्यात मी, हे त्याहून सोपं आहे. दुसरा माऊस जमला. दादाने अंगठ्याने बटण दाबलं, टक्क वाजलं, पडद्यावर खिडकी उघडली. वहिनी सांगतात, साखरपुड्याला यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं तसं त्या दिवशी बघितलं.

अक्षरांचं काम माझ्याकडे आलं. पडद्यावर मराठी अक्षरांचा तक्ता, त्यावर एक पिवळा चौकोन आपला आपण फिरत राहणार. हवं ते अक्षर आलं की अंगठ्याने बटण दाबायचं. शब्द पुरा झाला की मशीन तो मोठ्याने बोलणार. कोणतं अक्षर आधी यावं यावर आमचे वाद झाले. शेवटी दादाने हट्ट धरला की तक्त्याच्या पहिल्या दोन घरांत अख्खे शब्दच हवेत, कारण तेच त्याला सगळ्यात जास्त लागतात. ते दोन शब्द म्हणजे "नको" आणि "थांब". मशीनचा आवाज एका बाईचा होता, अतिशय शुद्ध. दादाने पहिल्या दिवशी तिच्याकडून बोलवून घेतलं, "ही बाई पुण्याची दिसते. आशागडला करमेल का?" तिला मात्र करमलं. वहिनी तिला सवत म्हणायच्या.

याच काळात त्यांच्या मुलाने, निखिलने, नजरेने चालणारं यंत्र घरी आणलं. तो वापीला नोकरीला आहे, बापावर जीव, खर्चाचा विचार करणारा नाही. कॅमेरा डोळ्यांकडे बघतो आणि जिथे बघाल तिथे बाण जातो. सगळे हरखून गेले. दादाही हरखला, नव्या वस्तूवर तो आधी मनापासून प्रेमच करायचा, मत नंतर द्यायचा. दिवसभर त्याने ते वापरलं. पण चष्म्यावर उजेड आला की बाण पळायचा, मान जरा कलंडली की सगळं नव्याने जुळवायचं, वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी निखिल आशेने समोर बसला होता. दादाने पायाखाली बेलचं बटण मागून घेतलं आणि चौकोन फिरू लागला. बराच वेळ लागला. मग पुण्याची बाई म्हणाली, "छान आहे. पण अढीत आहे." निखिल हिरमुसला. चौकोन पुन्हा फिरायला लागला, आम्ही वाट बघितली... "पिकेल. माझ्यानंतर." निखिलने ते यंत्र गुंडाळून ठेवलं.

बोर्डीच्या शाळेच्या सभागृहात दादाचं दरवर्षी एक भाषण असायचं, सुट्टी लागली की. नाव काही नसे, माणसं त्याला "काय घ्यावं, काय नको" म्हणत. त्या वर्षी संयोजकांनी संकोचून मला विचारलं, की त्यांचे विचार तुम्ही वाचून दाखवाल का? मी हो म्हणून आले. दादाला सांगितलं तर पिवळा चौकोन पहिल्याच घरात थांबला. "नको." मग अक्षर अक्षर करत, "मी बोलणार." मी त्याला समजावलं. एक वाक्य यायला इतका वेळ लागतो, माणसं कंटाळतील, उठून जातील, ते तुला बघवेल का? त्यावर त्याने दुसरं घर दाबलं. "थांब." मी थांबले. "त्यांना पण शिकू दे."

सभागृह भरलं होतं. निम्मी माणसं भाषणाला आणि निम्मी दादाची अवस्था बघायला आली असावीत, मी मनात म्हटलं. खुर्चीत बसवून आणलेला दादा, पायाखाली दाराचं बटण, समोर मशीन, शेजारी त्याचा लाडका यूपीएस. मुख्य भाषण त्याने घरी आधीच लिहून ठेवलं होतं, ते पुण्याच्या बाईने म्हणायला सुरुवात केली. पाचसहा वाक्यं झाली असतील नसतील, आणि लाइट गेली. पंखे थांबले, माइक मेला, मोठे स्पीकर गप्प. मागून कुणीतरी म्हणालं, झालं, चला. आणि मग त्या शांततेत यूपीएसचा बारीक टींव टींव आवाज ऐकू आला, आणि मशीनच्या छोट्या स्पीकरमधून पुण्याची बाई पुढचं वाक्य म्हणाली, "म्हणून सांगतो, यूपीएस आधी घ्या."

असा हशा मी त्या सभागृहात कधी ऐकला नव्हता. लिहून ठेवलेलंच वाक्य होतं ते, पण लाइटने त्याला असं बरोब्बर साधलं की दादाला काही करायची गरजच पडली नाही. मागची माणसं उठली ती जायला नाही, पुढे यायला. माइक नव्हता, त्यामुळे सगळे खुर्च्या ओढून जवळ बसले. शेवटी प्रश्न. तलासरीचे एक निवृत्त गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, घरी प्रिंटर घ्यायचा आहे, वर्षातून दोनचार कागद काढतो, तर कोणता घेऊ? चौकोन फिरू लागला. सगळं सभागृह त्या चौकोनाकडे बघत होतं. कुणी खोकलं नाही, कुणी फोन काढला नाही. ज्या माणसांना मशीन उघडायला जरा उशीर झाला की बटणं बडवायची सवय, ती माणसं एका माणसाच्या अंगठ्याची वाट बघत बसली होती. टक्क.

"नको."

गुरुजींसकट सगळे हसले. गुरुजी बसायला लागले तर चौकोन पुन्हा फिरला, म्हणजे बोलणं संपलं नव्हतं. गुरुजी उभेच राहिले. अक्षरं येत गेली, आम्ही ओठांनी जुळवत गेलो, आणि मग बाई म्हणाली, "प्रिंटर शाई पितो. गावात एक पुरे. ज्योतीकडे जा." टाळ्या वाजल्या. मी मागे बसले होते, माझ्याकडे माना वळल्या. मला हसू आणि रडू एकदम आलं, ते मी लपवलंही नाही. दादा मान हलवू शकत नव्हता, पण डोळे वळवून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत काय मिजास होती! वाचून दाखवणार होतीस ना, असं म्हणत होते ते. गुरुजी अजून माझ्याकडे येतात, वर्षातून दोनचार कागद काढायला.

त्यानंतर दादा पुष्कळ बोलला. पाहुण्यांना सल्ले दिले, निखिलसाठी मुलगी शोधण्याबद्दल मत दिलं (घाई नको, अढी), माझ्याशी चार अक्षरांवरून भांडला. श्वास जड झाला तेव्हा इस्पितळात न्यायचं का, हा प्रश्न आम्ही कुजबुजत होतो, तेव्हा टक्क वाजलं आणि त्यानेच उत्तर दिलं, तेही पहिल्याच घरातलं. त्याच्या वतीने एकही गोष्ट कुणाला ठरवावी लागली नाही. दिवसकार्याला गेले तेव्हा मी वहिनींना विचारलं, शेवटचं काय बोलला? मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. वहिनी म्हणाल्या, आदल्या दुपारी बराच वेळ खटपट करून यांनी लिहिलं, "आता बटण दाराला लाव. लोकांचे घसे बसतात."

खरं होतं ते. बेल काढल्यापासून त्या घरी जाणारा प्रत्येक माणूस फाटकातून ओरडायचा, भालूदादा, ओ वहिनी, कुणी आहे का. वाडीतून आवाज फिरून यायचा, कुत्रं भुंकायचं, मग वहिनी यायच्या. आमच्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

गेल्या रविवारी आशागडला गेले. सवयीने फाटकातच हाक मारायला श्वास घेतला आणि दाराच्या चौकटीकडे लक्ष गेलं. बटण जागच्या जागी होतं. मधोमध जरा खोलगट झालेलं, अंगठ्याच्या मापाचं. वायर वहिनींनीच जोडली असणार, सोल्डरचा थेंब बाजूला ओघळलेला दिसत होता. मी पायऱ्या चढले आणि बोट त्या खळग्यात ठेवलं. टक्क. आत बेल वाजली. कुणी आलं नाही. जरा वेळ गेला, तरी नाही. माझं बोट पुन्हा पुढे गेलं...

"एकदा दाबलंस ना?" आतून वहिनींचा आवाज आला. "मग थांब."

मी बोट मागे घेतलं, आणि थांबले.